हुकुमाची कवायत आणि भेदरलेले मूल

कळवणहून अभोण्याकडे आणि पुढे कनाशी-दळवटाकडे जो कोणी सकाळच्या प्रहरी निघतो, त्याला वाटेवरच्या आश्रमशाळांच्या मैदानांतून शिट्टी ऐकू येते. रांगा धरल्या जातात, सावधान-विश्राम होते, हातपाय हलवले जातात, आणि अलीकडच्या वर्षांत शेवटी मुलांना जमिनीवर उताणे निजवून शवासन दिले जाते. अशाच एका मैदानाच्या कडेला आम्ही संघटनेच्या कामानिमित्त थांबलो होतो. मास्तरांनी "डोळे मिटा" म्हटले आणि शंभरावर मुलांनी डोळे मिटले. एका मुलीने मिटले नाहीत. सात-आठ वर्षांची असेल. ती पडल्या पडल्या मान किंचित उचलून फाटकाकडे पाहत होती. मास्तरांनी दरडावले, तिने डोळे मिटले; त्यांची पाठ वळताच ते पुन्हा उघडले. "हट्टी आहे," असे मास्तर आम्हांला म्हणाले. त्यांच्या स्वरात रागापेक्षा थकवाच अधिक होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलेल्या कामाठीबाई मात्र हळूच म्हणाल्या, "हट्टी नाही हो भाऊ. तिची आई द्राक्षाच्या कामाला गेली, ती तिकडंच वारली. पोर रात्रीसुद्धा निजत नाही."

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मागे लागला. शाळेत मुलाच्या देहाला हलवण्याची, वाकवण्याची आणि निजवण्याची ही रीत आली कोठून? ती आणणाऱ्यांच्या मनात काय होते? आणि ज्या मुलाच्या मनावर घाव बसला आहे, त्याला तिचा उपयोग होतो की उपद्रव? आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले. त्यामुळे पंडितांसारखी मांडणी आम्हांला साधणार नाही. जे वाचले, पाहिले आणि पडताळले, ते कळवणच्या श्रोत्यांपुढे ठेवतो.

कवायत हा शब्द पलटणीतला आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा वाढल्या, आणि त्याच काळात सक्तीची लष्करभरती व मोठे कारखानेही वाढले. या तिन्ही ठिकाणी घंटेबरोबर उभे राहणारा आणि हुकुमाबरोबर वळणारा माणूस लागत होता. इंग्रजी अमलात आपल्याकडच्या शाळांत जी ड्रिल आली ती याच घराण्यातली. ती शिकवायला बहुधा पलटणीतून पेन्शनीत निघालेला हवालदार असे. आमच्या आधीच्या पिढीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'ड्रिल मास्तर' हा शब्द आला की त्याच्यामागून छडी येईच.

देशी व्यायामाची चळवळ या ड्रिलला उत्तर म्हणून उभी राहिली. बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा होता. त्यांच्या हाताखाली १९०७ ते १९१० च्या दरम्यान जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण तयार झाला. हेच पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाले. गुणे यांचा आपल्या मुलखाशी संबंध आहे, तो असा की त्यांची उमेदीची वर्षे अमळनेरला शिकवण्यात गेली. धुळ्याच्या पलीकडे अमळनेर, म्हणजे आपल्याला काही परके नव्हे. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्यही झाले, आणि ते महाविद्यालय १९२३ साली बंद पडले. दरम्यान, १९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली होती.

गुणे यांच्यापुढे दोन वाटा होत्या. गुरूने सांगितले ते खरे मानून शिष्य जमवणे ही एक. दुसरी अवघड होती, ती त्यांनी धरली. बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांच्या यंत्रापुढे माणसे उभी करून उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय घडते ते त्यांनी तपासले. त्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. त्या पोकळीला त्यांनी गुरूंचे नाव दिले. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम निघाले, आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. आसनांबद्दल सांगितले जाते ते खरे की खोटे, हे मोजून पाहावे असे म्हणणारा माणूस आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. आज योगाच्या नावाने वाटेल त्या रोगावर वाटेल तो दावा करणाऱ्यांनी त्या त्रैमासिकाचे पहिले अंक एकदा चाळावेत.

तथापि याच थोर माणसाच्या हातून शाळेसाठी जे घडले, त्यात पुन्हा हुकूम शिरलाच. १९३६ साली त्यांचे 'यौगिक संघ व्यायाम' हे पुस्तक आले. पुष्कळ मुलांनी एकाच वेळी, एकाच आज्ञेवर आसने कशी करावीत, हे त्यात आहे. पुढल्या वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्याने शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमून कुवलयानंदांना अध्यक्ष केले, आणि १९३८ साली कांदिवलीला व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. आज आपल्या शाळांत जो पी.टी.चा तास आहे, त्याची एक मुळी तिथवर पोचते. आम्ही याचा दोष स्वामींना देत नाही. एका शिक्षकापुढे पन्नास मुले, अंगण एवढेसे आणि वेळ अर्धा तास, अशा स्थितीत दुसरे काय करणार? शिवाय परकी सत्ता उलथायची होती, त्यासाठी ताठ कण्याची पिढी हवी होती. त्या काळची गरज तशी होती.

औंधची गोष्ट याहून मौजेची आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत, आणि संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींकडून ते घालून घेत. त्यांच्या नमस्कारांवरचे पुस्तक १९३८ साली इंग्रजीत लंडनहूनही निघाले. याच राजाने १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, आपली सत्ता लिहून देऊन प्रजेला राज्यघटना दिली. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांत असे धाडस करणारे विरळाच. म्हणजे ज्या राज्यात शेतकऱ्याला कारभार कसा व्हावा हे ठरवण्याचा हक्क मिळाला, तिथे त्याच्या पोराला मात्र नमस्कार घालायचा की नाही हे विचारले जात नव्हते. हे आम्ही कुचेष्टेने म्हणत नाही. मुलालाही काही विचारायचे असते, हा विचारच तेव्हा फारसा कोणाच्या डोक्यात नव्हता.

आता दुसरा धागा उचलू. मनाला जखम होते, आणि ती अंगात घर करून राहते, हे ज्ञान शहाण्या बायांना पूर्वीपासून आहे. "पोराने धसका घेतला" असे आपण म्हणतो त्यात सगळे आले. पण सरकारदरबारी या जखमेला मान्यता मिळायला फार काळ गेला. तो इतिहास आमच्यासारख्या युनियनवाल्याला विशेष जवळचा वाटतो, कारण त्याची सुरुवात नुकसानभरपाईच्या भांडणातून झाली.

इंग्लंडात आगगाड्या नवीन होत्या तेव्हा अपघात वारंवार होत. अपघातातून वाचलेली माणसे वरून धडधाकट दिसत, पण त्यांना झोप येईना, हात कापत, गाडीच्या आवाजाने घाम फुटे. रेल्वे कंपन्यांचे म्हणणे, हाड मोडलेले नाही तर भरपाई कसली? माणूस सोंग करतो आहे. १८६६ साली एरिक्सन नावाच्या लंडनच्या शस्त्रवैद्याने अशा रोग्यांवरची आपली व्याख्याने छापली. त्याची समजूत अशी की कण्याला न दिसणारी इजा होते. ती समजूत पुढे टिकली नाही. पण दिसत नाही म्हणून इजा झालीच नाही असे नाही, एवढे कोर्टात बोलले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने भ्रमिष्ट झालेल्या शिपायांना 'शेल शॉक' झाला, असे १९१५ साली मायर्स या डॉक्टरने लिहिले. तरीही ब्रिटिश सैन्याने भेकडपणा, पळून जाणे अशा आरोपांवरून आपल्याच शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली, म्हणजे त्यांची नातवंडे म्हातारी झाल्यावर. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकन शिपायांनी संघटित होऊन आपले दुखणे मांडले, तेव्हा १९८० साली अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर विकार आपल्या अधिकृत यादीत घातला. स्त्रियांच्या चळवळीने घरातल्या माराची आणि अत्याचाराची बाजू त्याला जोडली.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. ज्यांना घाव बसला, त्यांनी एकत्र येऊन तो मान्य करायला लावला. प्रवाशांनी दावे केले, शिपायांनी मोर्चे काढले, बायकांनी तोंड उघडले. दुसरीतल्या मुलीला दावा करता येत नाही आणि तिची युनियन नसते. म्हणून तिच्या नावापुढे 'हट्टी' एवढाच शेरा राहतो.

आपल्या महाराष्ट्राला या गोष्टीची मोठी आणि भयंकर ओळख झाली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा गावे गणपती बोळवून नुकती निजली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास आहे. दगडमातीच्या जाड भिंतींनी माणसे मारली, म्हणून वाचलेले लोक पुढे कित्येक महिने छपराखाली झोपायला धजत नव्हते. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी त्या भागातली १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. ही संख्या नीट ध्यानात घ्यावी. घर पडलेले, माणसे गेलेली, अशी १२०० मुले एका जागी वाढवायची म्हणजे अन्न, वस्त्र, शाळा एवढ्यावर भागत नाही. रात्री ट्रक गेला, जमीन थरथरली, की ती मुले उठून बसणार. पुस्तकातला धडा त्यांना येतो की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. महाराष्ट्रात शाळा आणि आघात हे दोन शब्द एका वाक्यात आणायची वेळ तेव्हा आली.

मग योग इथे काय करू शकतो? याचे उत्तर देताना आम्ही कुवलयानंदांची शिस्त पाळू, म्हणजे जेवढे मोजले गेले आहे तेवढेच सांगू. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर सुमारे महिन्याने बंगळूरच्या विवेकानंद योग संस्थेचे संशोधक अंदमानात गेले. छावणीतल्या ४७ माणसांना त्यांनी आठवडाभर सोपी आसने, श्वासाचे प्रकार आणि विश्रांती शिकवली. भीती, काळजी, खिन्नता आणि झोपमोड कमी झाल्याचे आढळले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे योगाने झाले की काळाने, हे सांगता येईना. बिहारात २००८ च्या पुरानंतर तुलनेचा गट ठेवून असाच प्रयत्न झाला. माणसे अवघी २२ होती. योग करणाऱ्यांची खिन्नता कमी झाली, न करणाऱ्यांची काळजी वाढली. २०१४ साली अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जुना आघात असलेल्या आणि इतर उपचारांना दाद न दिलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनंतर योगाच्या गटातल्या ३१ पैकी १६ जणी त्या विकाराच्या व्याख्येतून बाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या २९ पैकी ६. आणि ज्यांना योगाचे फार प्रेम आहे त्यांच्यासाठी एक चौथी गोष्ट. हरिद्वारकडे ९८ शाळकरी मुलांवर तीन महिने प्रयोग झाला, अर्ध्यांना योग, अर्ध्यांना साधा व्यायाम. फायदा दोन्ही गटांना झाला, आणि चारचौघांत वावरण्याचा आत्मविश्वास व्यायामाच्या गटात जास्त वाढला. तेव्हा खो-खो आणि लंगडी मोडून तिथे योग बसवण्याचे कारण नाही.

अमेरिकेतल्या त्या प्रयोगात शिकवण्याची जी पद्धत होती, ती आम्हांला आसनांपेक्षा महत्त्वाची वाटते. तिला तिकडे 'ट्रॉमा इन्फॉर्म्ड योगा' म्हणतात; आपण तिला आघाताचे भान ठेवून शिकवलेला योग म्हणू. तिच्यात हुकूम नसतो. "हात वर करा" याऐवजी "वाटले तर हात वर न्या, नाहीतर मांडीवर राहू द्या" असे म्हणतात. डोळे मिटायची सक्ती नसते. जो एकदा बेसावध असताना मारला गेला आहे, त्याला डोळे मिटणे म्हणजे पहारा सोडणे वाटते. शिक्षक मागून येऊन अंगाला हात लावीत नाही, पाय ओढून सरळ करीत नाही. आसन चित्रासारखे आले की नाही हे कोणी पाहत नाही. दार कुठे आहे ते सर्वांना दिसत असते. रोजचा क्रम तोच असतो, म्हणजे आता पुढे काय होणार याची धास्ती राहत नाही. उताणे निजणे नको असेल तर भिंतीला पाठ लावून बसता येते.

यामागचे कारण साधे आहे. संकट आले की प्राणी लढतो, पळतो, नाहीतर गोठतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ कॅनन याने १९१५ च्या आपल्या ग्रंथात भय आणि संताप यांनी देहात होणारे बदल दाखवले: छाती धडधडते, रक्त स्नायूंकडे धावते, पचन थांबते. संकट टळले की हे सारे ओसरले पाहिजे. घाव खोल असला की ते ओसरत नाही, देह पहाऱ्यावरच राहतो. अशा देहाशी वाद घालून चालत नाही. पण श्वास ही एक चाल अशी आहे की जी आपोआपही चालते आणि आपल्या इच्छेनेही चालवता येते. श्रोत्यांनी आत्ता मनगटावर बोट ठेवून पाहावे. श्वास आत घेताना नाडी किंचित वेगाने चालते, सावकाश सोडताना किंचित मंदावते. लांब सोडलेला श्वास देहाला कळवतो की पहारा थोडा सैल केला तरी चालेल. मात्र हे त्या माणसाने स्वतः करायचे असते. दरडावून करून घेतलेला लांब श्वास हा पुन्हा एक हुकूमच होतो, आणि हुकुमाने देह अधिक ताठतो.

हे ज्ञान सातासमुद्रापलीकडून आले म्हणून आपण दबून जाण्याचे कारण नाही. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, आज जो भाग पालघर जिल्ह्यात आहे तिथे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे राखत होती. मग बाईंनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द तिथला. माँटेसरी पद्धतीत शांततेचा एक खेळ आहे. मुलांना गप्प बसवायचे नसते. आपण किती शांत होऊ शकतो हे मुलेच पाहतात, आणि हळू आवाजात हाक आली की उठून जातात. आघाताचे भान ज्याला म्हणतात, त्यातले निम्मे त्या खेळात आहे. अनुताई स्वतः बालविधवा. लग्न म्हणजे काय हे कळण्याच्या आत त्यांच्यावर तो प्रसंग आला. धाक काय असतो हे त्यांना कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नसेल.

शिक्षकाच्या मनाचा विषय इथेच निघतो. अमळनेरला कुवलयानंद गेल्यावर १९२४ साली दुसरे एक शिक्षक आले, साने गुरुजी. ते छात्रालय सांभाळीत. मुलांच्या खोल्या झाडीत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला कशाची भूक असते, हे त्यांच्याइतके कोणी ओळखले नाही. आईच्या वियोगाची जखम त्यांनी जन्मभर वागवली. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली 'श्यामची आई' लिहिली गेली ती त्यातूनच. अमळनेरच्या गिरणीकामगारांसाठीही ते झटले, म्हणून आम्हां लोकांना ते दुहेरी आपले. आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. इतक्यांचे अश्रू पुसणाऱ्या शिक्षकाचे मन कोण सांभाळत होते, असा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. आजही सहसा विचारला जात नाही.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. गिरणेच्या वरच्या खोऱ्यातला हा मुलूख, पश्चिमेला कोकणा, भिल्ल, महादेव कोळी यांची वस्ती. १९३० साली चणकापूरला जंगल सत्याग्रह झाला, तेव्हा इथल्या माणसांनी सरकारी हुकूम मोडून दाखवला होता. शिक्षणाचे काम डोंगरपट्ट्यात आधी सेवाभावी मंडळांनी आणले. दादासाहेब बिडकरांचे डांग सेवा मंडळ १९३७ चे. राज्य सरकारची आश्रमशाळांची योजना १९७२-७३ पासूनची. या शाळा नसत्या तर हजारो मुले अक्षराला पारखी राहिली असती, हे प्रथम कबूल केले पाहिजे. पण सहा वर्षांचे मूल घर सोडून वसतिगृहात येते, दिवाळी आणि उन्हाळ्यालाच घर पाहते, आणि घरी जाते तेव्हा आईबाप दिंडोरी-निफाडच्या बागांवर हंगामाला गेलेले असतात. वेगळ्या बोलीत हसणे, वेगळ्या बोलीत रागावणे त्याला शिकावे लागते. वसतिगृहांत मुलांचे मृत्यू होत होते, म्हणून २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीला त्याचा तपास करावा लागला, एवढे सांगितले म्हणजे पुरे. मग मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, आणि परत आलेल्या मुलांत कोणाचा बाप नव्हता, कोणाची बहीण मधल्या काळात लग्न करून दिली गेली होती.

या मुलांना आघाताचे भान ठेवून कोणी शिकवायचे? शिक्षकाने. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे दोन्ही बंद केले, हे उत्तम झाले. त्याच कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढी तीन कामे वगळून शिक्षकाला इतर कामे देऊ नयेत असे म्हटले आहे. कागदावरची ही ओळ आणि शिक्षकाच्या मोबाइलवर दिवसभर येणाऱ्या माहितीच्या मागण्या शेजारी ठेवून पाहाव्यात. २०२० साली केंद्र सरकारने प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्याचे दूत करायचे ठरवले. कल्पना चांगली आहे. पण त्या दोघांच्या डोक्यावरून काय उतरवले, हे कोणी सांगितले नाही. वसतिगृहात अधीक्षक एकटा, त्याला रात्रंदिवस सगळ्या मुलांची जबाबदारी. स्वयंपाकी आणि कामाठी कित्येक वर्षे रोजंदारीवर. २०२५ च्या पावसाळ्यात याच रोजंदारी कर्मचाऱ्यांनी नाशिकला आदिवासी विकास भवनापुढे बिऱ्हाड मांडले. त्यांचे म्हणणे, बाह्यस्रोताच्या ठेक्याने माणसे भरू नका, आम्हांला कायम करा. काही सज्जनांना वाटले की यात मुलांचा काय संबंध? संबंध असा, की ज्या कामाठीबाईंना त्या मुलीच्या आईची बातमी ठाऊक होती, त्या तिथे बारा वर्षे होत्या. दर अकरा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाला ती बातमी कळली नसती. मुलाला सुरक्षित वाटायला ओळखीचा चेहरा लागतो, आणि चेहरा टिकायला नोकरी टिकावी लागते.

म्हणून एका गोष्टीबद्दल आमचा आक्षेप आहे, तो स्पष्ट सांगतो. शिक्षकाला ताण आला की त्याला योगाच्या शिबिराला धाडायचे, तेही रविवारी आणि हजेरी लावून, ही रीत पडू पाहत आहे. आमच्या चळवळीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी काय मागितले? आठवड्याची सुट्टी. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाला ती मान्य करावी लागली. विश्रांती हा कामगारांचा हक्क म्हणून मिळालेला आहे. ती काढून घेऊन तिच्या जागी विश्रांतीचे प्रशिक्षण देणे हा व्यवहार आम्हांला पटत नाही. शिक्षकाला योग जरूर शिकवावा. शाळेच्या वेळेत शिकवावा, आणि ज्याला नको त्याला नको म्हणता यावे. "नको" म्हणण्याची मोकळीक ज्या शिक्षकाला कधी मिळाली नाही, तो मुलाला ती कोठून देणार?

त्या मैदानावर आम्ही काही महिन्यांनी पुन्हा गेलो होतो. मास्तर तेच होते. मधल्या काळात आम्ही त्यांच्याशी या विषयावर दोन-तीनदा बोललो होतो, थोडे वाचायलाही दिले होते. शवासनाच्या वेळी त्यांनी शिट्टी वाजवली नाही. "ज्याला निजायचे त्याने निजावे, बसायचे त्याने भिंतीशी बसावे," एवढेच म्हणाले, आणि स्वतः जाऊन फाटकापाशी उभे राहिले. सात-आठ मुले भिंतीशी गेली. ती मुलगी त्यांत होती. डोळे उघडेच होते, पण ती फाटकाकडे पाहत नव्हती. शेजारी निजलेल्या मैत्रिणीचे पोट श्वासाबरोबर वर-खाली होत होते, ते ती पाहत होती, आणि तिने आपलाही हात पोटावर ठेवला होता.

मास्तरांना आम्ही विचारले, रात्री निजते का? ते म्हणाले, "ते अधीक्षिकेला विचारावे लागेल. ती जागा अजून भरलेली नाही."